बेहालाच्या तेलाची अर्धवट राहिलेली नोंद

कोलकात्याच्या नैऋत्येचे बेहाला मराठी वाचकांना सौरव गांगुलीचे गाव म्हणून माहीत असण्याचा संभव अधिक. डायमंड हार्बर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही जुनी, दाट वस्ती १९८४ मध्ये कोलकाता महापालिकेत आली. त्यानंतर चारच वर्षांनी, जुलै १९८८ मध्ये, येथल्या घरांतून धडधाकट माणसे पायांतले बळ गेल्याची तक्रार घेऊन रुग्णालयांत दाखल होऊ लागली. बाधितांचा आकडा सहाशेच्या घरात गेला. कारण सापडले ते स्वयंपाकाच्या तेलात. रेपसीड, म्हणजे मोहरीच्याच कुळातील बियांच्या तेलात, ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे औद्योगिक रसायन मिसळले गेले होते. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या घटनेवरचा शोधनिबंध १९९० मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. वैद्यकीय वाङ्मयात बेहाला हे नाव त्या निबंधामुळे कायमचे नोंदले गेले. प्रशासनाच्या स्मरणात ते कितपत राहिले, हा या लेखाचा विषय आहे.

आरोग्य संशोधनाच्या बातम्या हल्ली दररोज येतात. नवी लस, नवे औषध, कर्करोगावरील नवा उपचार, मधुमेहींची नवी आकडेवारी. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु आयुष्याची पस्तीसएक वर्षे सरकारी कागदपत्रांत घालवल्यावर आणि त्याआधी इतिहासाचे शिक्षण घेतलेले असल्यामुळे मला नव्या शोधापेक्षा दुसराच प्रश्न अधिक सतावतो. जे एकदा निर्विवाद सिद्ध झाले, ते ज्ञान पुढे जाते कुठे? ते एका विद्याशाखेच्या नियतकालिकातून दुसऱ्या विद्याशाखेच्या वाचनात आणि तेथून तालुक्याच्या अन्न निरीक्षकाच्या हाती पोहोचते काय? बेहालाचे उत्तर निराशाजनक आहे. आणि ते एकट्या बेहालाचे नाही.

आधी या विषाचा स्वभाव समजून घ्यावा लागेल. ट्रायक्रेसिल फॉस्फेट प्लास्टिक मऊ ठेवण्यासाठी, यंत्रांच्या वंगणात आणि आगीला अटकाव करणारा घटक म्हणून वापरतात. ते तेलकट असते, त्याला रंग जवळपास नसतो, वास आणि चव जाणवत नाही, आणि खाद्यतेलात ते पूर्णपणे विरघळते. पोटात गेल्यावर काहींना मळमळ, उलटी, जुलाब होतात आणि एक-दोन दिवसांत थांबतात. माणूस कामाला लागतो. मग साधारण एक ते तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येतात, तळपाय बधिर होतात, पाऊल लुळे पडते, आणि पुढे मनगटेही. मधल्या काळात या रसायनाने मज्जातंतूंतील एका विशिष्ट विकराचे काम कायमचे बंद पाडलेले असते आणि लांबच लांब तंतू टोकाकडून झडू लागलेले असतात. पायाकडे जाणारे तंतू शरीरात सर्वांत लांब, म्हणून आधी पाय जातात.

ही मधली दोन-तीन आठवड्यांची शांतता हाच सगळ्या अनर्थाचा गाभा आहे. शिळ्या अन्नाची बाधा त्याच रात्री कळते आणि गृहिणी ते अन्न फेकून देते. येथे पाय लुळे पडेपर्यंत तेलाचा डबा रिकामा झालेला असतो, घासून त्यात डाळ भरलेली असते, दुकानदाराचा साठा संपलेला असतो. डॉक्टरांनी ‘काल काय खाल्ले?’ असे विचारून काहीच हाती लागत नाही. महिन्यापूर्वी कोणत्या दुकानातून तेल आणले, हे विचारावे लागते. हा प्रश्न ज्याला सुचतो, त्याने कुठेतरी आधी हे वाचलेले असावे लागते.

आणि वाचण्यासारखे पुष्कळ होते. १९३० मध्ये, दारूबंदीच्या काळातल्या अमेरिकेत, आल्याच्या मद्यार्कात हेच रसायन मिसळले गेले आणि अंदाजे तीस ते पन्नास हजार माणसे पंगू झाली. तो प्रकार घडला त्यामागची हकीकत प्रत्येक प्रशासकाने वाचावी अशी आहे. औषधाच्या नावाखाली कुणी दारू विकू नये म्हणून त्या अर्कात आल्याचा घनांश किती असावा, याचा सरकारी नियम होता. तपासनीस अर्क उकळून मागे उरलेला गाळ तोलत. महाग आल्याऐवजी स्वस्तात काय घातले म्हणजे तो तोल बरोबर भरेल, याचा शोध घेताना भेसळखोर या रसायनापर्यंत पोहोचले. म्हणजे सरकारी चाचणीत उत्तीर्ण होण्यासाठीच विष निवडले गेले. चाचणी विचारील तेवढेच उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नावर ती गप्प असते. हे तेव्हाच कळायला हवे होते.

१९५९ मध्ये मोरोक्कोच्या मेक्नेस भागात विमानाच्या इंजिनाचे वंगण खाद्यतेलात मिसळून विकले गेले. सुमारे दहा हजार लोकांना पक्षाघात झाला. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, मुंबईत ५८ रुग्ण सापडले. त्यांचा अभ्यास दाराब दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि १९६२ मध्ये तो मज्जासंस्थाविकारांच्या ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. त्याच सुमारास आमच्या बंगालमध्ये माल्दा भागात पिठातून हीच बाधा झाली आणि कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील मंडळींनी तिची नोंद केली. १९७४ मध्ये तर भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात जे. के. सरकार यांचा लेखच प्रसिद्ध झाला, विषय होता पश्चिम बंगालमधील ट्रायक्रेसिल फॉस्फेटच्या विषबाधेतून उद्भवलेल्या पक्षाघाताच्या साथी. बेहालाच्या आधी चौदा वर्षे. ‘हे अनपेक्षित होते’ असे म्हणण्याची सोय १९८८ मध्ये कुणालाच राहिलेली नव्हती.

मोहरीचे तेल हा बंगाली माणसाच्या अस्मितेचा भाग आहे. महाराष्ट्रात शेंगदाण्याच्या तेलाला नसेल एवढा. म्हणूनच या तेलाचा दुसरा आणि अधिक जुना इतिहासही येथे सांगणे भाग आहे. १८७७ मध्ये कोलकात्यात पायांवर सूज, धाप आणि हृदय दुबळे होणे अशा लक्षणांची एक साथ नोंदली गेली. पुढे तिला साथीचा ड्रॉप्सी हे नाव रूढ झाले. अर्धशतकभर हा रोग बेरीबेरीचाच प्रकार मानला गेला. तांदळावर, साठवणुकीवर, जंतूंवर संशय घेतला गेला. १९२६ मध्ये एका बंगाली डॉक्टरांनी मोहरीच्या तेलाकडे आणि त्यात मिसळणाऱ्या पिवळ्या धोतऱ्याच्या बियांकडे बोट दाखवले. १९३७ मध्ये कोलकात्याच्याच अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेतील लाल आणि रॉय यांनी प्रयोगांनी ते पक्के केले. पिवळा धोतरा महाराष्ट्रातही ओसाड जमिनीवर, रस्त्याकडेला सर्वत्र दिसतो. काटेरी पानांचे, पिवळ्या फुलांचे ते झाड शाळकरी मुलेही ओळखतात. त्याचे काळे, बारीक बी मोहरीत सहज खपून जाते.

एवढे सगळे १९३७ मध्ये ठाऊक झालेले असताना ऑगस्ट १९९८ मध्ये देशाच्या राजधानीत हाच रोग पसरला, साठाहून अधिक माणसे दगावली आणि तीन हजारांच्या आसपास रुग्णालयांत गेली. त्यानंतर धावाधाव झाली. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीला आळा घालणारा आदेश त्याच वर्षी सप्टेंबरात निघाला. आदेश चांगलाच होता. मात्र त्यात राज्यांना सूट देण्याची मुभा होती, आणि सुटे तेल विकणारी दुकाने आजही कोणत्याही शहराच्या बाजारात दिसतात. गरिबाला पाव लिटर तेल हवे असते, आणि सुटे तेल सर्वांत स्वस्त पडते. हे समजून न घेता नुसती बंदी घातल्याने काय साधते, हे मी स्वतः पाहिले आहे.

सेवेच्या मधल्या टप्प्यात मी एका जिल्ह्यात होतो. नाव सांगत नाही. तेथे एका गावातून तेलाविषयी तक्रारी आल्या. अंगावर सूज येत असल्याचे लोक सांगत होते. निरीक्षकाने नमुने घेतले, सीलबंद केले, प्रयोगशाळेकडे पाठवले. अहवाल परत यायला इतके आठवडे लागले की तोवर तो घाऊक व्यापारी दुसऱ्या नावाने दुसरा माल विकत होता. अहवालात एक ओळ होती: नमुना विहित मानकांनुसार आहे. मानकांत आम्लता, आयोडीन मूल्य, रंग, असे काय काय असते. माझ्यासमोर बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने विचारले, पिवळ्या धोतऱ्याची चाचणी केली होती का? फाइलमध्ये त्याचे उत्तर नव्हते. मागणीपत्रातच तसे लिहिलेले नव्हते, म्हणून कुणी केली नव्हती. मी स्वतः त्या मागणीपत्रावर सही केली होती. डॉक्टरांच्या टिपणीत रोगाचे नाव होते आणि माझ्या पत्रात तेलाचे. दोन्ही कागद एकाच इमारतीत दोन वेगळ्या कपाटांत पडून होते.

त्या इमारतीपुरती ही गोष्ट असती तर येथे लिहिली नसती. बेहालाच्या दोन वर्षे आधी, जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूतील किंवा डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे रसायन होते आणि त्याने मूत्रपिंडे निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंत जे उघड केले, ते मराठी वाचकांना आठवत असेल. त्या अहवालाला चार दशके होत आली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. त्यांतली कित्येक मुले उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. आरंभी संशय संसर्गावर होता; पाण्याचे, डासांचे, उंदरांचे नमुने घेतले गेले. सुरुवातीला तपासलेल्या काही औषधांत काही आढळले नाही, असेही जाहीर झाले. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेने त्या सिरपच्या एका खेपेत डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के असल्याचे सांगितले. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. मूत्रपिंडतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषध निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ यांच्यापैकी प्रत्येकापाशी या कोड्याचा एकेक तुकडा होता. ते तुकडे एकत्र यायला लागलेले दिवस मुलांच्या आयुष्यातून वजा झाले.

यावर उपाय शोधायला फार दूर जावे लागत नाही. बेहालातून हुगळी ओलांडली की हावडा जिल्हा. तेथील पांचला भागात १३ जानेवारी २०११ रोजी एका चिमुरडीचा पाय लुळा पडला. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा तो शेवटचा रुग्ण. हा विजय केवळ लशीचा नव्हता. १९९७ पासून देशभर एक व्यवस्था उभी राहिली: पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, कारण काहीही असो, तर डॉक्टरांनी, दवाखान्यांनी, वैदूंनीसुद्धा ते कळवायचे. चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, शीतपेटीतून ठरलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. मुंबईत परळचे एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र त्यांपैकी एक. आणि साठाव्या दिवशी त्या मुलाच्या घरी पुन्हा जाऊन पाहायचे: पायात बळ परतले की नाही. दरवर्षी अशी हजारो मुले तपासली जात आणि त्यांतील जवळजवळ सर्वांना पोलिओ नसे. तरीही तपासणी चालू राहिली. सरकारी यंत्रणेने ‘नाही’ हे उत्तर इतक्या चिकाटीने गोळा केल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

पोलिओ निर्मूलनाचा ठराव जागतिक आरोग्य सभेने मे १९८८ मध्ये केला होता. बेहालाची घटना जुलैमधली. एकाच वर्षी, दोन महिन्यांच्या अंतराने, पायांचे बळ जाण्याच्या दोन प्रश्नांपुढे देश उभा होता. एकासाठी गावोगाव पोहोचणारी यंत्रणा उभी राहिली. दुसऱ्याचा अभ्यास छापून आला आणि विषय बंद झाला. विषाणू पसरतो, म्हणून त्याची भीती सर्वांना असते; विषारी तेल ज्याने विकत घेतले त्याच्यापुरतेच राहते, हे एक कारण असावे. रोगाची यादी ठरवणारी माणसे सुटे तेल विकत घेत नाहीत, हेही असू शकेल.

पोलिओची ही व्यवस्था पंधरा वर्षांच्या रेषेवर थांबते. त्यावरील वयाच्या माणसाची नोंद पोलिओचा संशय असेल तरच. सहाशे प्रौढ एकाच वस्तीत लुळे पडले तर ते आधी वेगवेगळ्या रुग्णालयांत, वेगवेगळ्या मेंदूविकारतज्ज्ञांपुढे, एकेकटे रुग्ण म्हणूनच जातील. हे काल्पनिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण अचानक वाढले. हा तसा विरळा आजार. खासगी रुग्णालयांतील डॉक्टरांच्या ध्यानात आले की आठवड्यात एखादा यायचा तेथे रोज येत आहेत, आणि एकाच भागातून येत आहेत. त्यांनी कळवले म्हणून पथके निघाली. राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुने गेले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि पाण्याकडे बोट गेले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. सर्वाधिक झळ नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या भागाला लागली, आणि ही गावे पुणे महापालिकेत आली ती २०२१ मध्ये, साथीच्या चार वर्षे आधी. बेहालाही महापालिकेत आल्यावर चौथ्याच वर्षी विषाला बळी पडले होते. योगायोग म्हणून सोडून द्यायलाही हरकत नाही. पण शहराची हद्द नकाशावर एका दिवसात वाढते आणि नळ व निरीक्षक तेथे पोहोचायला वर्षे लागतात, हे खरे.

पुण्यात पहिला इशारा सजग डॉक्टरांकडून आला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. तो व्यवस्थेकडून आपोआप आला असता तर अधिक बरे झाले असते. आणि समजा, ते पाणी नसून तेल असते, तर? आधी जुलाब, मग पायांचा लुळेपणा: दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. जीबीएसचे बहुतेक रुग्ण उपचारांनी आणि काळाने सावरतात. ट्रायक्रेसिल फॉस्फेटचे अनेक रुग्ण सावरत नाहीत. जिवाणूच्या शोधात शौचाचे नमुने घेतले जातात; स्वयंपाकघरातल्या तेलाची बाटली कोण उचलणार, हे कोणत्याही परिपत्रकात स्पष्ट असायला हवे.

मागणी साधी आहे. लुळेपणाची नोंद घेण्याची वयोमर्यादा काढून टाकावी. निदान एका महापालिका प्रभागात किंवा तालुक्यात ठरावीक काळात तीनहून अधिक प्रौढ आढळल्यास ती सक्तीची करावी. अशी नोंद होताच जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवावे, आणि त्याने रुग्णाच्या घरातील तेल, पीठ, मसाले, औषधे यांचे नमुने रुग्णाच्या लक्षणांसह प्रयोगशाळेकडे पाठवावेत, म्हणजे विश्लेषकाला काय शोधायचे ते कळेल. ट्रायक्रेसिल फॉस्फेट आणि पिवळा धोतरा या दोन्हींच्या चाचण्या सरकारच्या तेल तपासणीच्या पद्धतींत आहेत. त्या मागितल्या जायला हव्यात. पोलिओसाठी घडवलेले मनुष्यबळ आता इतर कामांकडे वळवले जात आहे. ते पांगण्याआधी हे काम त्याच्याकडे देता येईल. खर्चाचा आक्षेप येईल, तो मला ठाऊक आहे. मी स्वतः असे आक्षेप पुष्कळ फायलींवर लिहिले आहेत. येथे नवी इमारत लागत नाही, नवा विभागही नाही. लागते ती दोन कपाटांच्या मधली चिठ्ठी.

एक काम मात्र निव्वळ संशोधकांचे आहे आणि त्याची मुदत संपत चालली आहे. अमेरिकेतील त्या १९३० च्या आल्याच्या अर्काचे बळी १९७८ मध्ये दोन डॉक्टरांनी पुन्हा शोधून काढले आणि सत्तेचाळीस वर्षांनंतर त्यांची तपासणी करून शोधनिबंध लिहिला. मज्जातंतूंची इजा पुष्कळशी भरून येते, पण मज्जारज्जूतील इजा राहते. म्हणून सुरुवातीचा लुळेपणा जाऊन पुढे आयुष्यभर पायांत ताठरपणा उरतो, हे या रुग्णांमुळे स्पष्ट झाले. बेहालाला सत्तेचाळीस वर्षे २०३५ मध्ये पूर्ण होतील. १९८८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल त्या वेळी सत्तावन्न वर्षांचे असेल. कोलकात्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला डायमंड हार्बर रस्त्यावरच्या गल्ल्यांत पाठवावे. सखेर बाजार, चौरस्ता, बरिशा येथे वयस्क माणसांना विचारावे. बरोबर रबरी हातोडा, टॉर्च आणि वही पुरेशी आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)